अझकाबानचा कैदी: पुस्तक वाचलेल्या मुलांना सिनेमा कसा दाखवावा

खानापूर तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलातल्या बाईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नववीच्या चोवीस मुलांनी दसऱ्याच्या सुट्टीपासून ‘हॅरी पॉटर आणि अझकाबानचा कैदी’ मराठी अनुवादातून वाचून काढलं. आता त्यांना शाळेतच सिनेमा दाखवायचा आहे. काही मुलांनी तो टीव्हीवर हिंदीत आधीच पाहिलाय आणि ती सगळ्यांना सांगत सुटली आहेत, ‘पुस्तकातलं निम्मं कापलंय की त्यात!’ चर्चा एवढ्यावरच अडकू नये म्हणून काय करावं, कोणते प्रसंग निवडावेत, कुठे थांबवावं आणि मुलांकडून काय लिहून घ्यावं, हे त्यांना हवं आहे.

बाई, निम्मं कापलंय ही मुलांची तक्रार खोटी नाही. ती मोजूनही दाखवता येते, म्हणून तिथूनच सुरुवात करा. पुस्तक १९९९ सालचं, सिनेमा २००४ चा. मालिकेतलं दुसरं पुस्तक ब्रिटिश आवृत्तीत २५१ पानांचं आणि त्याचा सिनेमा १६१ मिनिटांचा होता. तिसरं पुस्तक वाढून ३१७ पानांवर गेलं, सिनेमा मात्र १४२ मिनिटांवर उतरला. दुसऱ्या सिनेमाच्या वाट्याला मिनिटाला साधारण दीड पान आलं, तिसऱ्याच्या वाट्याला सव्वादोन. हा भागाकार मुलांनाच फळ्यावर करू द्या. दिग्दर्शकही बदलला होता. पहिले दोन सिनेमे ख्रिस कोलंबसचे, हा अल्फोन्सो क्वारोनचा. पटकथा लिहिणारा स्टीव्ह क्लोव्ह्ज मात्र तोच होता. आधीच्या दोन्ही पटकथा ज्यानं लिहिल्या त्यानंच हे गाळलंय. तेव्हा ‘काय गाळलं’ हा प्रश्न दहा मिनिटांत संपवून ‘ते गाळल्यावर काय झालं’ या प्रश्नावर यायचं.

मुलांना हे पटवायला लांब जायची गरज नाही. गावात सप्ताह बसतो तेव्हा सकाळी ज्ञानेश्वरीचं पारायण होतं आणि रात्री कीर्तन. पारायणात एकही ओवी सुटून चालत नाही. कीर्तनकार मात्र एकच अभंग घेतो आणि त्याच्याभोवती दोन तास उभे करतो. इतक्या ओव्या राहिल्या म्हणून त्याला कोणी अडवत नाही. पण त्यानं एखादा दृष्टान्त सुरू करून मधेच सोडला, तर मागे भिंतीला टेकून बसलेल्या आजीलाही तो टोचतो. सिनेमा या कानानं ऐकायला शिकवायचं आहे.

म्हणून मुलांच्या हातात एका प्रसंगासाठी एक कागद द्या आणि त्यावर तीनच प्रश्न ठेवा. हा प्रसंग पुस्तकात कोणतं काम करतो? सिनेमात ते काम कोण करतं? कोणीच करत नसेल, तर पुढे कुठे अडतं? प्रसंग गळणं आणि प्रसंगाचं काम गळणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि तुमच्या वर्गातली सगळी चर्चा या एका फरकावर उभी राहू शकते. चोवीस मुलं आहेत, तर चौघांचे सहा गट करा, प्रत्येक गटाला दोन प्रसंग द्या. सगळ्यांना सगळे प्रसंग दिले की मुलं एकमेकांचं उतरवून काढतात.

सिनेमा लावण्याआधी दोन तासिका तयारीला लागतील. पहिलं काम नावांचं. तुमची मुलं पुस्तक मराठीत वाचतात, सिनेमा हिंदीत किंवा इंग्रजीत बघणार. सीमाभागातल्या पोरांना एकच गोष्ट तीन भाषांतून ऐकायची सवय असते हे खरं, पण इथे त्यामुळेच एक घोटाळा होतो: अनुवादकानं केलेला बदल ती सिनेमावाल्याच्या नावावर टाकतात. म्हणून माणसं, जागा आणि मंत्र यांची मूळ इंग्रजी नावं देवनागरीत फळ्यावर लिहा आणि शेजारी मराठी पुस्तकातली नावं मुलांकडून भरून घ्या. पंधरा-वीस नावं पुरे.

दुसरं काम चेहऱ्याचं. पडद्यावर नट दिसला की मनातला चेहरा पुसला जातो आणि नंतर कितीही विचारलं तरी परत येत नाही. त्यामुळे प्राध्यापक लुपिन आणि अझकाबान तुरुंगाचा पहारेकरी डिमेंटर या दोघांचं पाच-पाच ओळींत वर्णन आधीच लिहून घ्या, पुस्तक बंद ठेवून. पुस्तकातला लुपिन वयानं तरुण आहे, पण केस पिकू लागलेत आणि झग्याला ठिगळं आहेत. सिनेमात मिशी आली आणि गालावर व्रण आले. डिमेंटरच्या बाबतीत पुस्तक झग्यातून बाहेर आलेल्या सडक्या, खपल्या धरलेल्या हातावर थांबतं. सिनेमा आधी थंडी आणतो: आगगाडीच्या खिडकीच्या काचेवर बर्फ चढत जातो आणि मग दार सरकतं. न दिसणारी भीती दिसेल अशी करायची तर हा मार्ग मला फार चांगला वाटतो.

दाखवण्याच्या सोयीबद्दल एक गोष्ट अगदी आवर्जून. हा सिनेमा काळोखा आहे. शेवटचा मोठा भाग रात्रीच्या जंगलात आणि तळ्याकाठी घडतो. वर्गाच्या खिडक्यांवर साधे पडदे असतील तर दुपारी पडद्यावर नुसतं करडं हलताना दिसतं आणि मुलं कंटाळून बोलायला लागतात. खिडक्यांना काळी ताडपत्री किंवा दुहेरी चादर लावा. लॅपटॉपच्या आवाजावर विसंबू नका, वेगळा स्पीकर हवाच. काळ मागे फिरल्यानंतर पार्श्वसंगीतात घड्याळाची टिकटिक चालू राहते आणि ती ऐकू आली नाही तर अर्धा परिणाम गेला. आसपासच्या गावांतून येणाऱ्या मुलांना संध्याकाळची बस गाठायची असते, म्हणून सिनेमा दोन दिवसांत विभागा. पहिल्या दिवशी, बकबीक या पंखवाल्या जनावराला मारायचं ठरलंय म्हणून हॅरी आणि त्याचे मित्र रॉन व हर्मायनी असे तिघं, ते जनावर सांभाळणाऱ्या हॅग्रिडच्या झोपडीकडे निघतात तिथवर. दुसऱ्या दिवशी तिथून शेवटपर्यंत, मधे एकदाही न थांबता. पहिल्या दिवशी दोन-तीनदा थांबवलं तर चालेल, दुसऱ्या दिवशी अजिबात नाही. हे थांबवून शिकवण्याचं प्रकरण हाताबाहेर जातं. दर पाच मिनिटांनी बटण दाबलं की मुलं सिनेमा बघायचं सोडून तुमच्या पुढच्या प्रश्नाची वाट बघत बसतात.

आता प्रसंग घेऊ. सोप्यापासून.

पुस्तकात एका रात्री रॉन किंचाळून उठतो. अझकाबानच्या तुरुंगातून पळालेला सीरियस ब्लॅक हातात सुरी घेऊन मुलांच्या झोपायच्या खोलीत शिरलेला असतो आणि रॉनच्या पलंगाचे पडदे फाडलेले असतात. नेव्हिलनं परवलीचे शब्द कागदावर लिहून ठेवले होते, तो कागद हरवला, म्हणून हे घडलं. सिनेमात हा प्रसंगच नाही. त्याचं काम काय होतं? सगळ्यांना वाटतंय ब्लॅक हॅरीच्या मागावर आहे, आणि तो गेला मात्र रॉनच्या पलंगाशी. ही वाचकाला दिलेली खूण आहे: त्याला रॉनचा उंदीर हवा होता, कारण तो उंदीर म्हणजे रूप बदललेला पीटर पेटिग्र्यू, सगळे ज्याला मेलेला समजतात तो. सिनेमानं हे काम दुसरीकडे दिलं. शाळेत कोण कुठे आहे ते दाखवणारा जादूचा नकाशा हॅरी रात्री उघडून बघतो आणि त्यावर पीटर पेटिग्र्यू हे नाव त्याच्याच दिशेनं चालत येताना दिसतं, समोर बोळ मात्र रिकामा. पुस्तकात ते नाव फक्त लुपिनला दिसतं आणि आपल्याला बऱ्याच उशिरा कळतं. सिनेमात ते हॅरीला दिसलं, त्यानं लुपिनला सांगितलं, आणि मेलेला माणूस नकाशावर कसा हा प्रश्न मुलांच्या डोक्यात बराच आधी रुजला. प्रसंग गेला, काम राहिलं, उलट जास्त धारदार झालं. पहिल्या दिवशी थांबवायची पहिली जागा हीच घ्या.

याच्या उलट उदाहरण झाडूचं. फायरबोल्ट हा महागडा झाडू पुस्तकात नाताळात निनावी येतो. तो ब्लॅकनं पाठवला असेल या भीतीनं हर्मायनी शाळेतल्या मॅकगोनागल बाईंना सांगते, झाडू तपासणीसाठी जप्त होतो आणि दोघं मुलगे तिच्याशी कित्येक आठवडे बोलत नाहीत. त्यात मांजरानं उंदीर खाल्ल्याचा आळ येतो. ती एकटी पडते, अभ्यासाच्या ओझ्याखाली रडते, आणि शेवटी हॅग्रिड या दोघांना बोलावून सुनावतो, की मैत्रिणीपेक्षा झाडू आणि उंदीर तुम्हाला जास्त झाले का. सिनेमात झाडू थेट शेवटी येतो. कथानक कुठेही अडत नाही. पण हर्मायनीनं वर्षभर काय सोसलं, हे गेलं ते गेलंच. मांजर-उंदरावरून दोन-चार खटके उडतात, तेवढ्यानं ते वजन भरून येत नाही. इथे मुलांना सांगा, की कथा न अडता माणूस लहान होऊ शकतो. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘कुठेच अडत नाही’ असं आलं, तर कागदाच्या मागे लिहायला लावा: मग कोण लहान झालं?

क्विडिच या झाडूवरच्या खेळाबद्दल फार बोलू नका. पुस्तकात हॅरीच्या ग्रिफिंडर संघाचे तीन सामने आहेत, सिनेमात एक, आणि जो ठेवला तो डिमेंटर मैदानात उतरतात म्हणून ठेवला. हर्मायनी पुस्तकात मालफॉयला थप्पड मारते, सिनेमात बुक्की. बसमधलं बोलणारं वाळकं मुंडकं सिनेमानं घातलेलं. मुलं हे सगळं उत्साहानं सांगतील, सांगू द्या, फळ्यावर मात्र लिहू नका.

सिनेमाची खरी चूक पहिल्याच मिनिटाला आहे आणि ती नववीच्या मुलांनी स्वतः पकडण्यासारखी आहे. पुस्तकाच्या सुरुवातीला हॅरी रात्री पांघरुणाखाली बॅटरी धरून इतिहासाचा गृहपाठ लिहितोय. सिनेमात तो त्याच पांघरुणाखाली कांडीच्या टोकावर उजेड पाडायचा सराव करतोय. दिसायला छान, पण शाळेबाहेर विद्यार्थ्यानं जादू करायची नाही हा या जगाचा नियम आहे. थोड्याच वेळात मार्ज आत्या फुगते आणि हॅरी जिवाच्या भीतीनं घर सोडतो ते याच नियमापायी, आता शाळेतून काढतील म्हणून. ज्यानं रात्रभर खुशाल कांडी पेटवली, तो संध्याकाळी त्याच गुन्ह्याला इतका का घाबरावा? जादूच्या गोष्टीत सगळं चालतं असं नसतं. ज्या जगात काहीही घडू शकतं, तिथे नियमच गोष्टीला धरून ठेवतात, ही कल्पनारम्य साहित्याची पहिली शिकवण या एका पांघरुणातून देता येते.

पण सगळ्यात मोठी गळती नकाशाची आहे. इथे एक पूर्ण तासिका द्या.

नकाशावर तो बनवणाऱ्या चौघांची टोपणनावं आहेत: मूनी, वर्मटेल, पॅडफुट, प्राँग्ज. मराठी उच्चारात ती नुसते आवाज होतात, म्हणून अर्थ फोडून सांगा. मूनी म्हणजे चंद्राशी बांधलेला, तो लुपिन, पौर्णिमेला लांडगा होणारा. वर्मटेल म्हणजे किड्यासारखी शेपटी, तो पेटिग्र्यू, उंदीर. पॅडफुट म्हणजे मऊ पावलांचा, तो सीरियस, कुत्रा. आणि प्राँग्ज म्हणजे शिंगांचे फाटे. हा जेम्स, हॅरीचा बाप, जो हरणाचं रूप घ्यायचा. खानापूरच्या रानालगतच्या मुलांना सांबराच्या फुटव्यांच्या शिंगांबद्दल वेगळं सांगावं लागणार नाही. मित्र लांडगा होतो, त्याला पौर्णिमेला एकटं टाकायचं नाही, माणसाला धोका पण जनावराला नाही, म्हणून तिघांनी शाळेत असताना चोरून जनावर व्हायची विद्या शिकली. सगळ्या पुस्तकाचा कणा या दोन ओळींत आहे.

आता पॅट्रोनसकडे, म्हणजे डिमेंटरांना पळवणाऱ्या जादूच्या रक्षकाकडे या. हॅरीचा रक्षक हरणाच्या रूपात येतो. पुस्तकात ते हरीण डिमेंटरांना पळवून लावून तळ्याच्या पाण्यावरून त्याच्याकडे परत येतं. जमिनीवर त्याच्या खुरांचे ठसे उमटत नाहीत. ते समोर उभं राहून शिंगांचं डोकं झुकवतं आणि हॅरीच्या तोंडून नाव निघतं: प्राँग्ज. तो हात पुढे करतो आणि ते विरून जातं. वडील परत आले नाहीत, पण वडिलांचं रूप त्याच्याच आतून बाहेर आलं, हे त्याला आणि वाचकाला एकाच क्षणी उमगतं. पुढच्या प्रकरणात मुख्याध्यापक डंबलडोर तेच त्याला समजावून सांगतात.

सिनेमात नकाशा आहे, त्यावर नावंही आहेत, हरीणही आहे. पण नकाशा कोणी बनवला हे कुणीच सांगत नाही. लुपिनला तो नकाशा आहे हे पाहताक्षणी कसं कळलं, तेही नाही. जेम्स हरीण व्हायचा हा शब्द कुठेही नाही. त्यामुळे पडद्यावरचं हरीण हा सुंदर उजेड राहतो, बाप होत नाही. हॅरी आपण वडिलांना पाहिलं असं हर्मायनीला सांगतो, पण वडील आणि हरीण यांना जोडणारा दोराच कापलेला आहे. दृष्टान्त अर्धा सुटला म्हणतात तो हा. ज्यांनी पुस्तक वाचलेलं नाही अशा एक-दोन मुलांना दुसऱ्या वर्गातून मुद्दाम बोलवा आणि सिनेमानंतर त्यांना विचारा, रक्षक हरीणच का? त्यांची उत्तरं ऐकून तुमच्या मुलांना ही गळती जितकी कळेल तितकी तुमच्या सांगण्यानं कळणार नाही.

एवढ्यात एक गोष्ट सिनेमाच्या बाजूनंही सांगायला हवी. पॅट्रोनस शिकताना आनंदाची आठवण धरावी लागते. पहिल्यांदा झाडूवर बसलो ती आठवण दोन्हीकडे अपुरी पडते. पुढे पुस्तकातला हॅरी आपण जादूगार आहोत आणि काका-मावशी डर्सलींचं घर सुटणार हे कळलं तो क्षण धरतो. सिनेमातला हॅरी आई-वडील आपल्याशी बोलताहेत असं चित्र धरतो आणि ते खरं घडलेलं आहे की नाही हे त्यालाही ठाऊक नाही. तो बदल विचारपूर्वक केलाय. नकाशाच्या जागी वडिलांना आणण्याचा तो दुसरा प्रयत्न होता. मला तो हृदयाला भिडतो, पण हरणाचं कोडं तेवढ्यानं सुटत नाही.

लुपिन राजीनामा देऊन सामान भरतोय आणि नकाशा हॅरीला परत देतोय, हा प्रसंग सिनेमात आहेच. मुलांना काम द्या: या प्रसंगात लुपिनच्या तोंडी दोन वाक्यं अशी घाला, की हरीण बाप होईल. दोनच वाक्यं, तिसरं नाही. पटकथा म्हणजे काय हे यातून फार लवकर कळतं, कारण मुलं आधी दहा वाक्यं लिहितात आणि मग आठ खोडताना खरं काम सुरू होतं.

झपाटलेल्या घरातला गौप्यस्फोट पुस्तकात जवळपास तीन प्रकरणं चालतो, सिनेमात तो काही मिनिटांत उरकतो. तिथे तीन गाठी सुटायच्या राहतात. त्या मुलांना शोधून काढू द्या, पण तुमच्याजवळ तयार असाव्यात. एक, पॉटर कुटुंबाचा ठावठिकाणा एका माणसाच्या मनात मंत्रानं बंद केला होता. तो माणूस सीरियस, असा सगळ्यांचा समज होता आणि ऐन वेळी त्याच्या जागी पेटिग्र्यूला नेमलं. सिनेमात ही अदलाबदल नाही, त्यामुळे सीरियसवर हॅरीच्या आई-वडिलांना दगा दिल्याचा आळ इतका घट्ट का बसला हे पुसट राहतं. दोन, पेटिग्र्यू रॉनकडे आहे हे बारा वर्षं तुरुंगात असलेल्याला कसं कळलं? पुस्तकात जादूगारांचा मंत्री तुरुंगाच्या पाहणीला येतो, सीरियस त्याच्याकडून वर्तमानपत्र मागून घेतो, त्यात रॉनच्या कुटुंबाचा इजिप्तच्या सहलीचा फोटो आणि खांद्यावर बोट तुटका उंदीर. सिनेमात तो फोटो सुरुवातीला दिसतो, पण सीरियसच्या हाती तो पोचला होता हे कोणी सांगत नाही. तीन, तो सुटला कसा? डिमेंटरांना डोळे नाहीत, त्यांना माणसाच्या भावना जाणवतात. कुत्र्याच्या भावना साध्या, अंग रोडावलेलं, म्हणून तो गजांतून निसटला. सिनेमात हेही नाही. जागेअभावी हे गेलं हे मान्य, पण मग याच भागात लांडग्याच्या पाठलागाला जो वेळ दिलाय त्यातला अर्धा मिनिट इथे देता आला असता.

याच ठिकाणी आणखी एक बदल आहे ज्यावर वर्गात भांडण होईल, आणि ते होऊ द्या. पुस्तकात लुपिन लांडगा होतो तेव्हा शिक्षक स्नेप बेशुद्ध असतो, कारण तिघांच्या कांड्या एकदम त्याच्यावर चाललेल्या असतात. सिनेमात एकटा हॅरी त्याला पाडतो, आणि नंतर स्नेप शुद्धीवर येऊन मुलांना पाठीशी घालून लांडग्यापुढे हात पसरून उभा राहतो. पुस्तकातला स्नेप असं करेल का? ‘हो’ म्हणणाऱ्यानं आणि ‘नाही’ म्हणणाऱ्यानं, दोघांनीही तिसऱ्या पुस्तकातलाच पुरावा द्यायचा, पुढच्या भागांतला नाही.

आता सिनेमा जिथे पुस्तकाच्या पुढे जातो तो भाग: काळ मागे फिरवणं. यासाठी तीन-तीन मीटरचे दोन दोरे घ्या, एक लाल आणि एक पांढरा, आणि भिंतीवर एकाखाली एक आडवे ताणून लावा. एक मीटर म्हणजे एक तास. लाल दोरा पहिल्या खेपेचा, पांढरा दुसऱ्या खेपेचा. पुस्तकात डंबलडोर मध्यरात्रीला पाच मिनिटं असताना हर्मायनीजवळच्या जादूच्या घड्याळाचे तीन फेरे, फेऱ्याला एक तास, फिरवायला सांगतात, म्हणजे पांढरा दोरा आठ पंचावन्नला सुरू होतो. सिनेमात हर्मायनी साडेसात वाजल्याचं बोलून दाखवते. एखादा हुशार मुलगा विचारेलच, की पुस्तकात रात्री नऊला दालनात ऊन कसं पडतं आणि बकबीकला सूर्यास्ताला मारायचं ते कसं. गोष्ट जूनमधली आणि जागा स्कॉटलंड. बेळगाव सुमारे १६ अक्षांशावर, इथे जूनमध्ये सातच्या आसपास दिवस मावळतो. तिकडे ५७ च्या आसपास, तिथे दहाच्या सुमाराला. भूगोलाच्या सरांना पाच मिनिटं बोलवा.

मग चिठ्ठ्या लावा. लाल दोऱ्यावर: हॅग्रिडच्या झोपडीत, कुऱ्हाडीचा आवाज, मारक्या झाडाखालून आत, झाडाखालून बाहेर आणि चंद्र, तळं, दवाखाना. पांढऱ्यावर: झाडांत लपले, बकबीकला सोडवलं, वाट पाहिली, तळ्याचा दुसरा काठ, सीरियसची सुटका, दवाखाना. कुऱ्हाडीची चिठ्ठी दोन्ही दोऱ्यांवर एकाच जागी येते. पहिल्या खेपेला ती बकबीकवर पडली असं वाटलं, दुसऱ्या खेपेला कळतं की पुस्तकात जल्लादानं रागानं ती कुंपणात मारली आणि सिनेमात भोपळ्यावर. एकच आवाज, दोन अर्थ. हे दोन्हीकडे उत्तम साधलंय.

सिनेमानं त्यात भर घातली ती दगडांची. पहिल्या खेपेला तिघं झोपडीत असताना खिडकीतून दगड येऊन बरणी फुटते, दुसरा हॅरीला मागून लागतो, तो वळून बघतो तर मंत्री आणि जल्लाद उतारावरून येताना दिसतात. दगड कुठून आला हे कोणी विचारत नाही, प्रेक्षकही विसरतो. दुसऱ्या खेपेला भोपळ्यांमागे लपलेल्या हर्मायनीला जमिनीवर तोच दगड दिसतो, आत बसलेले ते तिघं काही केल्या हलत नाहीत, आणि ती तो उचलून मारते. पुस्तकात हे नाही. तिथे दोघं बहुतेक वेळ वाट बघतात, आणि पुस्तकाला ते परवडतं, कारण वाट बघताना हॅरीच्या मनात शिरता येतं. पडद्यावर वाट बघणं मरगळतं, म्हणून सिनेमानं दोघांना कामाला लावलं आणि वर काळाचा नियम जास्त स्पष्ट केला: जे घडलं ते त्यांनीच घडवलेलं होतं. पांढऱ्या दोऱ्यावर दगडाची चिठ्ठी लावून तिथून लाल दोऱ्याला सुतळी बांधायला सांगा. दगडाच्या दोन सुतळ्या आणि हर्मायनीनं लांडग्याला आपल्याकडे वळवायला काढलेल्या हाकेची एक, अशा तीन सिनेमाच्या. वाचलेल्या पुस्तकातून अशा सुतळ्या किती निघतात ते मुलांनाच मोजू द्या. तळ्यावरची सगळ्यात जाड.

या सिनेमाला काळाची जाणीव सगळीकडून दिलीय. घड्याळाचा मोठा मनोरा आणि त्याचा लंबक हा सिनेमाचा शोध. पुस्तक महिने शब्दांत सांगतं, सिनेमा मारक्या झाडाकडून ऋतू सांगवतो: एकदा त्याची सगळी पानं एका झटक्यात गळतात, एकदा ते अंगावरचं बर्फ झटकतं. हे दोन क्षण मुलांना आधी सांगू नका, नंतर विचारा.

राहिला शेवट, आणि इथे मी पुस्तकाच्या बाजूनं ठाम उभा आहे. तुमच्या मुलांना गोकाकच्या धबधब्याला न्यायचं तर पालकांच्या सहीची चिठ्ठी लागते. हॅरीची सगळी गोष्ट तशाच एका चिठ्ठीत बसवलेली आहे. हॉग्समीड गावात जायला सही हवी. काका सही द्यायचं कबूल करतात ते आठवडाभर मार्ज आत्यापुढे नीट वागण्याच्या बोलीवर, आणि ती बोली शेवटच्या रात्री मोडते. वर्षभर इतर मुलं गावात जातात, हा मागे राहतो. पुस्तकाच्या शेवटच्या पानांत आगगाडीच्या खिडकीशी एक इवलंसं घुबड पत्र घेऊन येतं. पत्र सीरियसचं, सोबत चिठ्ठी, आणि तिच्यावर सही: हॅरीचा धर्मपिता या नात्यानं. ज्या मुलाला सही करणारं कोणी नव्हतं, त्याला कोणीतरी मिळालं. सिनेमात सहीचा प्रश्न सुरुवातीला नीट मांडलाय, मॅकगोनागल नकार देतात तेही आहे, पण उत्तर येतच नाही. त्याऐवजी झाडू येतो, बकबीकचं पीस येतं, हॅरी उडतो आणि चित्र त्याच्या चेहऱ्यावर गोठतं.

लेखनाचा शेवटचा गृहपाठ म्हणून हाच प्रसंग द्या: आगगाडीचा डबा, घुबड, पत्र, दोन मिनिटांची पटकथा. एका मिनिटाला हस्तलिखिताचं साधारण एक पान धरा, म्हणजे दोन पानं. संवाद आठ ओळींच्या वर नको, पत्र कोणी मोठ्यानं वाचून दाखवायचं नाही, आणि सही पडद्यावर कोणत्या क्षणी दिसते ते समासात लाल पेनानं खूण करून दाखवायचं.